मी ‘कुंकू’तला काकासाहेब झालो का?

(या वेळी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच दुखण्याभोवतीची होती, म्हणून एकत्र घेतली. पत्रं ज्या भाषेत आली तशीच ठेवलीत, नावं काढलीत.)

प्रश्न : ताई नमस्कार. माहं वय ६१, दारव्हा तालुक्यात राह्यतो, सात एकर कोरडवाहू वावर हाय, कापूस अन् तूर घेतो. बायको माह्याहून अकरा वर्षानं लहान. लग्नाले तीस वर्ष होत आले, पोरीचं लग्न झालं, पोरगा पुण्याले कंपनीत हाय. बायको बचत गटाची अध्यक्ष हाय, आता ग्रामसंघाचंही पाह्यते, मीटिंगले तालुक्याले जाते, बँकेत जाते, साहेब लोकाइसंग फोनवर बोलते. पह्यले मले त्याचं काही नव्हतं, उलट चारचौघात सांगो मी. दोन वर्षाआधी शुगर निघाली अन् तवापासून माह्यात काही दम राह्यला नाही, काय म्हणतो ते तुमाले समजलं असंन. आता ते फोनवर हसली का माह्या पोटात कालवते. ते झोपली का मी तिचा फोन उघडून पाह्यतो. काही नाही सापडलं तरी वाटते डिलीट केलं असंन. चांगली साडी नेसून निघाली का माह्या तोंडून निघतेच, मीटिंगले चालली का बारशाले? पोरगा दिवाळीत आलता तर त्यानं मोबाईलवर जुना कुंकू सिनेमा लावून देल्ला. तो पाहून रातभर डोळा नाही लागला. मी त्यातला काकासाहेब होऊन राह्यलो का? पानठेल्यावर हे कोणाले बोलता येत नाही, म्हणून तुमाले लिहिलं. नाव छापू नका.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तुम्ही काकासाहेब नाही. पण सिनेमा पाहून तुमची झोप उडाली हे बरं झालं, आपण काय करून राहिलो हे ज्याला दिसतं त्याच्याशी पुढचं बोलता येतं, ज्याला दिसतच नाही त्याच्या बायकोचीच पत्रं मला येतात, त्याचं स्वतःचं कधी येत नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘कुंकू’ हा प्रभातचा १९३७ चा सिनेमा, व्ही. शांताराम यांचा, नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेला, हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न तिचा मामा फसवून एका विधुर म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो, त्याला मोठी झालेली मुलं आहेत, आणि नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे, आणि भिंतीवरचं ते घड्याळ. म्हाताऱ्याचं वय त्या घड्याळातून ऐकू येत राहतं. शेवटी आपण या पोरीवर केवढा अन्याय केला हे काकासाहेबांना कळतं आणि ते तिचा मार्ग मोकळा करायचा म्हणून स्वतःचा जीव देतात.

मला हा सिनेमा फार मोठा वाटतो. तो पूर्ण नीराच्या बाजूचा आहे, एक टक्काही इकडेतिकडे होत नाही, आणि तरी म्हाताऱ्याचं हसं करत नाही. दाते यांचा चेहरा बघा, त्यात हक्क आहे, राग आहे आणि खाली भीती आहे, आरशासमोर उभं राहायची भीती. आपल्याकडे म्हातारा नवरा म्हटलं की एकतर खलनायक नाहीतर विनोदी पात्र, मग खऱ्या आयुष्यातला ६१ वर्षांचा माणूस कोणत्या तोंडाने सांगणार की मला असं असं होतं म्हणून? तो खर्रा तोंडात टाकून गप बसतो आणि रात्री फोन उघडतो.

शेवट मात्र मला मान्य नाही, आणि तुम्हाला तर मुळीच मान्य होऊ नये. १९३७ मध्ये त्या पोरीची सुटका दाखवायला दुसरा रस्ता कदाचित दिसला नसेल, पण म्हाताऱ्या नवऱ्याने एकतर बायकोवर मालकी गाजवायची नाहीतर मरून जायचं, एवढेच दोन पर्याय नसतात हो. तुमच्या पत्रात तसं काही नाही, तरी तुम्ही रातभर जागे होता आणि आपल्या जिल्ह्याचं दुःख आपल्याला माहीत आहे, म्हणून सरळ विचारते, जीव नकोसा वाटतो का? तसं कधीही वाटलं तर १४४१६ वर फोन लावा, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात, आणि पोराला पण सांगा.

आता तुमचंच पत्र परत वाचा. तुम्ही लिहिलंय, दोन वर्षांआधी शुगर निघाली अन् ‘तवापासून’. बायको तर त्याच्या आधीपासून मीटिंगला जात होती ना? बँकेत जात होती, साहेबांशी बोलत होती, तेव्हा तुम्ही चारचौघात सांगत होता. म्हणजे तिचं वागणं तेच आहे, बदललं ते तुमचं शरीर. संशय तिच्या फोनमधून आलाच नाही, तो तुमच्या शुगरच्या रिपोर्टमधून आला आणि तुम्ही त्याचा पत्ता तिच्या फोनमध्ये शोधताय. दुसरं वाक्य तर त्याहून महत्त्वाचं, ‘काही नाही सापडलं तरी वाटते डिलीट केलं असंन’. बघा, सापडलं तर ती दोषी, नाही सापडलं तरी दोषीच. अशा तपासाला शेवट नसतो. उद्या तिने फोन तुमच्या हातात देऊन टाकला तरी परवा तुम्हाला तिच्या पर्समधलं एसटीचं तिकीट बघावंसं वाटेल.

म्हणून पहिलं काम डॉक्टरचं. शुगरमुळे बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, आणि मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना हा त्रास कमीजास्त होतोच. तुमच्या गावात शुगरच्या गोळ्या खाणारे जेवढे बाप्ये असतील त्यातला दर दुसरा माणूस तुमच्याच रांगेत उभा आहे, फक्त बोलत कोणी नाही. त्यात खर्रा असेल तर तंबाखूने रक्तवाहिन्या अजून आवळतात. बीपीच्या काही गोळ्यांनी पण हे होतं, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देऊ शकतात. कधी कधी तर हा त्रास म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या दुखण्याची आधीची खूण असते, त्यामुळे लाजून लपवण्यात जिवाचा धोका आहे. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी करा, ती एचबीएवनसी म्हणतात ती, आणि डॉक्टरला जसं मला लिहिलं तसंच सांगा, ‘दम राह्यला नाही’, ते समजतात. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीवाल्यांकडे जाऊ नका. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून ताकदीची गोळी आणू नका, छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर तिच्यावर ही गोळी घेतल्याने बीपी एकदम खाली जाऊन माणूस दगावू शकतो.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मला पत्रात दिसली. कोरडवाहू सात एकर, कधी पाऊस दगा देतो, कधी बोंडअळी (२०१७ साली आपल्या भागात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते कोण विसरेल), कधी भाव पडतो. त्या सगळ्यात घरात नियमाने येणारा पैसा आणि गावातली पत आता कोणाची वाढून राहिली? तिची. याचाही सल असतो, आणि तो कबूल करणं शरीराच्या गोष्टीपेक्षा कठीण जातं. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’, १९७७ चा, हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावरून केलेला, त्यात अमोल पालेकरांनी केलेला नवरा बायकोच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावरच संशय घेतो, त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच, तिची कमाई जितकी खुपते तितका संशय वाढतो. तो नवरा बघून माझा संताप होतो, कारण तो एकदाही म्हणत नाही की मला कमीपणा वाटतो. तुम्ही निदान मला लिहिलंत. आता तिला सांगा.

कसं सांगायचं? रात्री अंथरुणावर नको, भांडण झाल्यावर तर नकोच. तूर सोंगायला दोघं वावरात जाल, दुपारी शिदोरी सोडून बसाल तेव्हा सांगा. ‘मी तुहा फोन पाह्यतो, चुकलं माहं, आता नाही पाह्यणार’ हे आधी. आणि मग खरं वाक्य, ‘मले भेव वाटते का मी आता तुले कामाचा नाही राह्यलो’. एवढं एक वाक्य बोलायला तुम्हाला फार जड जाईल हे मला माहीत आहे, पण तिने दोन वर्षं ‘बारशाले चालली का’ ऐकलंय, तेही तिला जडच गेलं असेल. ती लगेच गळ्यात पडेल अशी आशा धरू नका. कदाचित चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, तो तिचा हक्क आहे. आणि नवराबायकोत जवळीक म्हणजे फक्त ती एकच गोष्ट असं पन्नाशीच्या बाईला वाटतं हा पुष्कळ पुरुषांचा गैरसमज आहे. पाठीला तेल लावून देणं, तिच्या मीटिंगमध्ये काय झालं ते शेवटपर्यंत ऐकणं, हे सुरू करून बघा. तिला तालुक्याला गाडीवर सोडायला जा, पण सोडून आपल्या कामाला जा, हॉलच्या बाहेर झाडाखाली बसून राहू नका.

काकासाहेबांकडे आणि नीराकडे एकमेकांचं काहीच नव्हतं, एक दिवसही तिच्या मर्जीचा नव्हता. तुमच्याकडे तीस वर्षं आहेत. दोन महिन्यांनी परत लिहा, मला खरंच वाचायचंय.

प्रश्न : ताई, मी आर्वी तालुक्यातली. आमच्या घरचे ६८ वर्षाचे हायेत. जिंदगीभर त्याइनं माह्यावर कधी संशय नाही घेतला. या वर्षभरात एकदम बदलले. दूधवाल्याचं नाव घेतात, परवा तर जावयाचं नाव घेतलं, मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. रातचे उठून मागचं दार पाह्यतात. कपाटाची चावी सोताच कुठं ठेवतात अन् म्हणतात तूच त्याले देली. मी देवाच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली तरी पटत नाही. एक दिवस विळा घेऊन दारात उभे होते. पोरगा म्हणते बुढा सिनेमातल्या शक्की म्हाताऱ्यासारखा झाला, हसण्यावारी ने. काय करू?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : ताई, हसण्यावारी अजिबात नेऊ नका, आणि हे उत्तर पोराला वाचून दाखवा.

वरच्या भाऊंचं आणि तुमच्या घरचं दुखणं वरून सारखं दिसतं पण एक नाही. त्यांना आपलं चुकतंय हे कळतं, तुमच्या घरच्यांना शंभर टक्के खात्री आहे. उभ्या जन्मात न घेतलेला संशय ६८ व्या वर्षी अचानक, त्यात वस्तू ठेवून विसरणं, रात्री उठून दारं तपासणं, अशक्य माणसांची नावं घेणं, हा स्वभाव नाही, हे मेंदूचं आजारपण असू शकतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी होऊ शकते, जास्त दारूनेही होतं, पार्किन्सनच्या काही औषधांनीही होतं. अशा आजारातल्या संशयाला डॉक्टर लोक ऑथेल्लो सिंड्रोम म्हणतात, शेक्सपिअरच्या नाटकातल्या संशयी नवऱ्यावरून १९५५ मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ते नाव लिहिलं. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी तेच नाटक ‘झुंजारराव’ म्हणून रंगभूमीवर आणलं. पण नाटकात त्या नवऱ्याचे कान भरणारा एक दुष्ट माणूस असतो. तुमच्या घरात कान भरणारा कोणी नाही, आजार आतूनच बोलतो, म्हणून दूधवाला बदलून किंवा जावयाचं येणं बंद करून काही होणार नाही.

शपथा घेणं बंद करा. वाद नको, पुरावा नको, पुराव्याने ही खात्री हलत नाही, उलट ‘एवढी शपथ कशाला घेते मग’ असं होतं. ‘तुम्हाला त्रास होऊन राहिला, मी इथंच आहे’ एवढं म्हणा आणि विषय दुसरीकडे न्या, चहा ठेवा.

पण त्याआधी सुरक्षा, आजच्या आज. विळा, कुऱ्हाड, फवारणीचं औषध, सगळं घरातून हलवून शेजारी किंवा दिराकडे ठेवा. आतून कडी लागते अशा खोलीत झोपा. एका शेजारणीला सगळं सांगून ठेवा, लाज धरू नका. अंगावर धावून आले तर तिथे थांबून समजूत घालू नका, बाहेर पडा आणि ११२ लावा. महिलांसाठी १८१ पण आहे. ते आजारी आहेत म्हणून तुम्ही मार खायचा असं कुठेच लिहिलेलं नाही.

दवाखाना तुम्हाला जवळच आहे, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ म्हटलं तर ते येणार नाहीत, झोप लागत नाही, विसरायला होतं, ते दाखवू म्हणून न्या, ते खोटंही नाही. थायरॉइड आणि बी ट्वेल्व्ह तपासायला सांगा, त्यांच्या कमतरतेनेही डोकं असं वागतं आणि ते औषधाने सुधारतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आणि पोराने सोबत यायचं. अंगारे-धुपाऱ्यात महिने घालवू नका.

प्रश्न : मॅडम, मी साकोलीजवळच्या गावातला, बीए सेकंड इयरला आहे. आम्ही मित्र मोबाईलवर शॉर्टफिल्म करतोय. गोष्ट एका म्हाताऱ्या नवऱ्याची, बायको अंगणवाडीत आहे आणि त्याला तिच्यावर डाऊट येतो. मित्र म्हणतात दुसरा माणूस दाखव, एक मारामारी टाक, नाहीतर कोणी बघणार नाही. आजोबाचं काम करायला झाडीपट्टीत नाटकं केलेले आमच्या गावचे एक जण तयार आहेत. काय करू?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : दुसरा माणूस दाखवू नकोस. तो दाखवला की बघणारा फक्त तेवढंच बघतो, आहे की नाही, आहे की नाही. सगळ्यात आधी एक गोष्ट ठरव, बायको निर्दोष आहे हे प्रेक्षकाला कधी कळणार? माझं स्पष्ट मत, पहिल्या दोन मिनिटांत. शेवटपर्यंत लपवून ठेवलंस तर बघणारे सगळे त्या नवऱ्यासारखेच तिच्या मागे हेरगिरी करत बसतील, आणि तुझ्या मनात नसताना तुझी फिल्म त्याच्या बाजूची होईल. त्यामुळे नवरा नसलेला एक सीन तिला दे. अंगणवाडीत पोरांची वजनं करून रजिस्टरमध्ये लिहितेय, मग तीच माहिती मोबाईलवर भरायची आहे आणि रेंज नाही, फोन वर धरून अंगणात फिरतेय, रेंज मिळाल्यावर एकटीच हसते. आणि तेच हसणं नवरा रस्त्यावरून सायकलवर जाताना बघतो. बस, तुझी मारामारी झाली.

आवाजावर मेहनत घे. वरच्या उत्तरात ‘कुंकू’चं लिहिलंय ते वाच, त्या लोकांनी १९३७ मध्ये जवळपास पार्श्वसंगीताशिवाय केलं. तुमच्याकडे धानाच्या बांधीतले बेडूक आहेत, राइस मिलची धडधड आहे, रात्री मच्छरदाणीत बायकोचा फोन उघडल्यावर होणारा बारीक टिंग आवाज आहे. मच्छरदाणीच्या आत म्हाताऱ्याच्या तोंडावर फक्त स्क्रीनचा उजेड, आणि बाजूला झोपलेल्या बाईचा श्वास ऐकू येतोय, एवढ्यात सगळं येतं. तिथे गाणं टाकायचा मोह होईल, टाकू नकोस.

म्हाताऱ्याला वाईट करू नकोस आणि बिचाराही करू नकोस. त्याने बायकोला एकदा असं काही तोडून बोललं पाहिजे की बघणाऱ्याला त्याचा राग यावा, आणि त्याच दिवशी त्याच्याकडून पाण्याचा हंडा उचलला जाऊ नये, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून त्याने इकडेतिकडे बघावं. या दोन सीनमध्ये कुठेही ‘मी म्हातारा झालो’ असा डायलॉग नको.

तुझे कलाकार झाडीपट्टीचे आहेत ही तर चांगलीच गोष्ट आहे, दिवाळीनंतरच्या थंडीत रातभर मंडप धरून ठेवणारी माणसं ती. पण त्यांना मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज टाकायची सवय, आणि तुझा मोबाईल एका हातावर. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनकॅमेऱ्याची तालीम कर, त्यांच्या समोर बसून साध्या गप्पा मार, मग हळूच तोच मजकूर बोलायला लाव. संवाद पुस्तकी मराठीत लिहिले असशील तर फाड ते, ते घरी जसं बोलतात तसंच बोलू दे. एडिटिंगच्या आधीचा कच्चा कट पाठवलास तरी चालेल, मी बघून लिहीन.